मुलींच्या हाती जर्नल, मुलग्यांच्या हाती अमीटर

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातल्या माध्यमिक शाळेत नववीच्या दोन तुकड्यांना विज्ञान शिकवते. एका तुकडीत ३०-३१ विद्यार्थी, त्यात निम्म्याला थोड्या कमी मुली. प्रयोगाला सहा-सहाचे गट करते आणि दर वेळी तेच होतं. मुलगे उपकरणं ताब्यात घेतात, मुली सुवाच्य अक्षरात नोंदी लिहितात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुलींचा सहभाग वाढावा म्हणून मुख्याध्यापकांनी 'खास मुलींसाठी' तीन गोष्टी सुचवल्या आहेत : विज्ञान रांगोळी, स्वयंपाकघरातलं विज्ञान आणि सौंदर्यप्रसाधनांचं रसायन. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सभेत धड मांडता आलं नाही. शिवाय वर्गातली एक मुलगी विज्ञानात पहिली येते आणि म्हणते, "बाई, मी आर्ट्‌सला जाणार. सायन्स मला नाही झेपायचं." तिला काय सांगू?
— एक विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : मॅडम, मुख्याध्यापकांचा हेतू चांगला आहे असं धरूनच चालू. त्यांना मुली पुढे यायला हव्या आहेत, फक्त रस्ता चुकलाय. आणि तो चुकणारे ते पहिले नाहीत. २०१२ साली युरोपीय आयोगाने मुलींना विज्ञानाकडे वळवायला एक जाहिरातफीत काढली होती. तिच्यात उंच टाचांच्या चपला, लिपस्टिक, गुलाबी रंग आणि सूक्ष्मदर्शकाशी बसलेला एक पुरुष. जगभरातल्या स्त्री-शास्त्रज्ञांनीच इतकी टीका केली की ती मागे घ्यावी लागली.

त्याच वर्षी अमेरिकेत डायना बेट्झ आणि डेनिस सेकाक्वाप्टेवा यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण तुमच्या पाचवी ते आठवीच्या वयाच्या मुलींना विज्ञान-तंत्रज्ञानात यशस्वी झालेल्या तरुणींची ओळख वाचायला दिली. काहींना मेकअप, गुलाबी कपडे, फॅशनची आवड असं वर्णन असलेली, काहींना साधी. नटलेल्या आदर्शांबद्दल वाचून मुलींची गणितातली गोडी आणि स्वतःवरचा भरवसा, दोन्ही कमी झाले. ज्यांना आधीपासूनच हे विषय आवडत नव्हते त्या आणखी दूर गेल्या, आणि ही सगळी सजावट तर त्यांच्यासाठीच होती. त्यांना वाटलं असणार, एकाच वेळी सुंदरही दिसायचं आणि गणितही करायचं, म्हणजे ओझं दुप्पट. सभेत एवढं सांगितलंत तरी पुरे आहे.

रांगोळीचं वाकडं काही नाही. स्वयंपाकघर तर उत्तम प्रयोगशाळा आहे. कुकरमध्ये दाब वातावरणाच्या दुप्पट झाला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि म्हणून डाळ लवकर शिजते, हे भौतिकशास्त्रच आहे. अडचण पाटीची आहे. 'खास मुलींसाठी' असं लिहिलं की बाकीचं विज्ञान मुलग्यांचं, हे न बोलता ठरतं. टेबलावर 'दाब आणि उत्कलनबिंदू' अशी पाटी लावा, कुकर ठेवा आणि इडलीचं पीठ फुगवायला दोन मुलग्यांना बसवा. रांगोळीत ज्याला रस असेल त्याने काढावी. तिला मुलींचा विज्ञान-सहभाग म्हणून अहवालात मोजू नका, एवढंच.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. ते २८ फेब्रुवारीचं नाही, दर आठवड्याच्या प्रयोगाच्या तासाचं आहे.

काही बदलण्याआधी मोजा. एका सहकाऱ्याला दोन तास मागे बसायला सांगा आणि हातात एक कागद द्या. गटाचा क्रमांक, उपकरणाला पहिला हात कुणाचा लागला, आणि ५, १०, १५, २० व्या मिनिटाला उपकरण कुणाच्या हातात होतं. नावं नकोत, 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढं पुरे. हे काम स्वतः करू नका. शिकवताना मोजलं की आपल्याला जे वाटतं तेच दिसतं. हा कागद जपून ठेवा, सहा आठवड्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा तुलनेला लागेल.

सहाचा गट मोडा. सहा जणांत अमीटरपर्यंत, म्हणजे विद्युतधारा मोजायच्या उपकरणापर्यंत, दोनच हात पोचतात, उरलेले चार प्रेक्षक होतात आणि प्रेक्षकांतल्या कुणाला तरी लिहायचं काम मिळतं. गट तिघांचा करा. दोन मुलगे आणि एकटी मुलगी अशी जोडणी टाळा, एकटी पडली की ती हमखास लेखनिक होते. दोन मुली-एक मुलगा किंवा तिन्ही मुली चालतील. पहिले तीन-चार प्रयोग मुलींचे स्वतंत्र गट ठेवायला हरकत नाही, पण ते कायमचे करू नका. नाहीतर पुन्हा 'मुलींचा गट' नावाची निराळी जात तयार होते.

तिघांत तीन कामं : जोडणी, वाचन, नोंद. दर ८ मिनिटांनी घंटा आणि कामं बदलायची. घंटा महत्त्वाची आहे. 'आपापसांत बदला' म्हटलं तर कुणी बदलत नाही, आणि मागून घ्यायचं बळ जिच्यात नाही तिलाच ते मागावं लागतं.

नववीच्या 'धाराविद्युत'मधला ओहमच्या नियमाचा प्रयोग घ्या. ३४ गेजची नायक्रोमची तार बरोबर १ मीटर, तिचा रोध साधारण २५ ओहम. १.५ व्होल्टचे ४ सेल, ०–५०० मिलिअँपिअरचा अमीटर, ०–१० व्होल्टचा व्होल्टमीटर, कळ, मगरचिमटे. पहिल्या पाळीत १ सेल, दुसरीत २, तिसरीत ३ आणि मग ४. प्रत्येक पाळी बदलताना संपूर्ण जोडणी सोडायची आणि नव्या हाताने पहिल्यापासून करायची. मुलगे कुरकुरतील : "बाई, जोडलेलं आहे की, कशाला सोडायचं?" त्यांना सांगा, प्रयोग जोडण्याचाच आहे, वाचन शेवटी येतं.

इथे काय काय बिघडतं ते आधीच माहीत असू द्या, कारण पहिल्यांदा जोडणाऱ्या मुलीचं काही अडलं की शेजारचा हात लगेच पुढे येतो. जाड, म्हणजे २८ गेजची, अर्धा मीटर तार घेतली तर रोध ५ ओहमच्या आसपास येतो. चार सेलवर धारा अँपिअरच्या वर जाते, काटा टोकाला आपटतो, तार तापते आणि सेल लगेच बसतात. म्हणून बारीक तार. अमीटर तारेच्या समांतर लावला तर जवळजवळ सगळी धारा त्यातूनच जाते, काटा सर्रकन टोकाला. व्होल्टमीटर एकसरीत लावला तर अमीटर हलतच नाही. काटा उलटा गेला तर टोकं उलटी आहेत, उपकरण बिघडलेलं नाही. काहीच हललं नाही तर चिमट्याखालची तार सॅंडपेपरने घासा, बहुतेक वेळा गंज नाहीतर ढिला स्क्रू एवढंच असतं. कळ वाचनापुरतीच दाबायची. या चुका फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि नियम करा : जिची जोडणी चालत नाही तिने फळा वाचायचा, शेजाऱ्याने तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. 'हात मागे, तोंड चालू' हे पोरांना एका दिवसात पाठ होतं.

एवढे अमीटर शाळेत नसणार, बहुधा तीन-चारच चालू असतील. मग अर्धा वर्ग ओहमवर आणि अर्धा एलईडीवर ठेवा, पुढच्या तासाला अदलाबदल. एलईडीच्या संचाला ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोध (पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी), लाल एलईडी आणि दोन तारा लागतात. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेले ७ रोधावर, म्हणजे धारा १५ मिलिअँपिअर. लांब पाय धन टोकाला.

आणि पहिल्याच दिवशी एक एलईडी सगळ्यांदेखत मुद्दाम जाळा. रोध न लावता थेट ९ व्होल्टला जोडा, वर पारदर्शक बरणी उपडी घाला, क्षणभर लखलखून ती विझेल. मग विचारा, किती नुकसान झालं? दोन-तीन रुपये. मुलींना लहानपणापासून "जपून, तुटेल" ऐकायची सवय असते, मुलग्यांना "बघ, काय होतंय ते". उपकरणाजवळ मागे राहण्याचं निम्मं कारण ही धास्ती आहे. ती भाषणाने जात नाही, जळालेला एलईडी मुठीत घेऊन घरी गेल्यावर कमी होते. महागाचं काय तुटू शकतं आणि स्वस्तातलं काय, हे दोन ट्रेमध्ये वेगळं ठेवा म्हणजे तुम्हालाही "जपून" म्हणायची वेळ कमी येईल.

जर्नलबद्दल थोडं कडक व्हा. ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडून गटाचं जर्नल लिहून घेणं बंद. प्रत्येकाने स्वतःची एक ओळ तरी लिहायची : 'माझ्या पाळीत काय बिघडलं आणि मी ते कसं शोधलं.' गुण या ओळीला द्या, समासाच्या रेघेला नको. 'नीटनेटकेपणा'चे गुण मुलींना आपोआप मिळतात आणि विज्ञान म्हणजे टापटीप वही असा त्यांचा ग्रह होतो. अकरावीत वही देखणी असून गणित सुटत नाही तेव्हा त्या गडबडतात.

बर्नरजवळ केस आणि ओढणी बांधायला सांगताना सूचना सगळ्यांना द्या : 'लोंबतं ते बांधा.' मुलग्यांच्या सैल बाह्याही त्यात येतात. 'मुलींनी सांभाळून' म्हटलं की मुली दोन पावलं मागे सरकतात आणि तिथेच उभ्या राहतात.

बोलण्याकडे वळू, कारण आपली मराठी इथे चुगली करते. पुस्तकाबाहेर आपण सर्रास म्हणतो, 'शास्त्रज्ञ प्रयोग करतो', 'इंजिनियर पूल बांधतो', आणि उदाहरणात मात्र 'सीमा ३ किलो बटाटे आणते'. 'करतात', 'बांधतात' म्हणा, एका अक्षराचं काम आहे. गणितात बटाटे रमेशला आणू द्या, सीमाला मोटरपंपाची अश्वशक्ती काढू द्या. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मार्जोरी रोड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये लहान मुलांवर केलेल्या प्रयोगात, 'आज आपण वैज्ञानिक होऊया' यापेक्षा 'आज आपण विज्ञान करूया' असं सांगितलेल्या मुली खेळात जास्त वेळ टिकल्या. 'वैज्ञानिक' म्हटलं की डोळ्यांसमोर एक माणूस येतो, बहुतेकदा पुरुष. 'करूया' म्हटलं की काम येतं.

आणि तो 'ही' काढून टाका. 'मुलींनाही जमतं', 'मुलीसुद्धा मुलांइतक्याच हुशार असतात'. ऐकायला गोड, पण माप मुलग्यांचं आणि मुली त्या मापाला पुरल्या, असाच त्याचा अर्थ लागतो. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या एलेनोर चेस्टनट आणि एलन मार्कमन यांनी नेमकं हेच दाखवलं : 'मुली गणितात मुलांइतक्या चांगल्या' असं वाक्य वाचलेल्या लोकांनी, मुलग्यांकडेच ते कौशल्य उपजत असतं असा निष्कर्ष काढला. स्टाफरूममधलं 'मुली कष्टाळू, मुलगे हुशार पण आळशी' हेही त्याच जातीचं. सहाव्या वर्षापासूनच मुली 'खूप खूप हुशार' या वर्णनात आपल्याला कमी बसवतात, असं २०१७ मधल्या लिन बियान यांच्या अभ्यासात आढळलं. नववीत ती समजूत चांगली मुरलेली असते. म्हणून शाबासकी देताना माणसाला नको, केलेल्या गोष्टीला द्या : "चिमटा घासायचं तुला सुचलं, वाचन सुधारलं." हे मुलग्यांनाही लागू.

प्रश्न विचारल्यावर मनात एक-दोन-तीन मोजा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून दाखवलं की शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि ३ सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारे बोलू लागतात. एका सेकंदात ज्याचा हात वर येतो त्याला सगळं येतं असं नाही, चुकायची भीती कमी असते. आणखी एक गोष्ट स्वतःवर तपासा. मुलीने बरोबर उत्तर दिलं की आपण 'छान' म्हणून पुढे जातो, मुलग्याला 'का?' विचारतो. तो दुसरा प्रश्न मुलींनाही विचारा.

विज्ञान दिनाचा कार्यक्रम यातूनच उभा राहील. आमची सूचना : 'उघडा आणि बघा'. गावातून बंद पडलेले मिक्सर, टेबलफॅन, रेडिओ, प्लगच्या इस्त्र्या गोळा करा. प्रत्येक जोडीला एक वस्तू, एक चपटा आणि एक चौफुलीचा पेचकस, पक्कड, आणि स्क्रू ठेवायला अंड्यांचा ट्रे, खळग्यांना क्रमांक दिलेले. वेळ ४० मिनिटं. मिक्सरमध्ये दोन कार्बन ब्रश आणि तांब्याचे वेढे सापडतात, ब्रश झिजलेले असले तर बिघाडही सापडतो. वायरचा प्लग आदल्या दिवशी कापून टाका, म्हणजे कुणी 'चालू करून बघू' म्हणणार नाही. मायक्रोवेव्ह, जुने फुगीर पडद्याचे टीव्ही, सीएफएल दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या अजिबात घेऊ नका. पहिल्या दोहोंत बंद असतानाही जीवघेणा विद्युतभार राहू शकतो, सीएफएलमध्ये पारा असतो आणि बॅटरीला भोक पडलं तर ती पेटते.

मुख्य गोष्ट म्हणजे यासाठी नावं मागवू नका. 'ज्यांना आवड आहे त्यांनी नाव द्या' म्हटलं की २० मुलगे आणि ३ मुली येतील, आणि मग सगळे म्हणतील, 'बघा, मुलींना आवडच नाही.' हजेरीपटाच्या क्रमाने जोड्या लावा. हाच नियम केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेला विद्यार्थ्यांच्या कल्पना पाठवताना वापरा. सगळ्या वर्गाकडून कल्पना लिहून घ्या, नावं झाकून निवडा. निवड झाली तर प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मिळतात. 'कोण करणार?' असं विचारून ते वाटू नका.

या दिवशी गोष्ट सांगायचीच असेल तर कमला सोहोनींची सांगा, पण कापून नको. १९२८ च्या २८ फेब्रुवारीच्या ज्या शोधासाठी हा दिवस पाळतात, त्या शोधाचे धनी सर सी. व्ही. रामन. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमला भागवत (लग्नानंतरच्या सोहोनी) यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांनीच प्रवेश नाकारला होता, कारण त्या मुलगी होत्या. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष परीक्षेवर ठेवून घेतलं. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे पेशींच्या श्वसनातलं प्रथिन सापडलं. सांगताना बटाटा आणि सायटोक्रोम आधी येऊ द्या, अन्याय नंतर. 'अडथळे पार केले' एवढंच ऐकलं की मुलींच्या डोक्यात अडथळेच राहतात, ती बाई दिवसभर करत काय होती ते कळतच नाही.

जिवंत पाहुणी हवी असेल तर लांबून कशाला आणायची? साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्ट, महावितरणच्या अभियंता, माती परीक्षण केंद्रातल्या, ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमधल्या ताई, यांपैकी कुणालाही बोलवा. भाषण नको. त्यांचं एक उपकरण आणि एक चुकलेलं वाचन घेऊन यायला सांगा. मुलांना आधी प्रश्न लिहायला लावा आणि 'घर आणि नोकरी कसं सांभाळता?' हा प्रश्न यादीतून काढा. पुरुष अभियंत्याला तो कुणी विचारत नाही.

राहिली तुमची पहिली येणारी मुलगी. तिला 'तू करू शकतेस' म्हणू नका, तिने ते ऐकलेलं असतं. 'झेपायचं नाही' म्हणजे नेमकं काय, ते विचारा, एकटीला, स्टाफरूमच्या बाहेर. गणिताची भीती असेल तर अकरावीच्या पुस्तकातलं सदिशांचं एखादं सोपं गणित आत्ताच समोर ठेवा. दोन दिवस लागले तरी सुटेल, आणि 'दोन दिवस लागणं' हे तिथे नेहमीचंच आहे हे तिला कळेल. एस.टी.चा प्रश्न असेल तर बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे. खाजगी क्लासच्या फीची धास्ती असेल तर सायन्स म्हणजे नीट-जेईईच नव्हे, हे घरी कुणीतरी सांगायला हवं. पॉलिटेक्निक, बी.एस्सी., लॅब टेक्निशियन, कृषी हेही रस्ते आहेत. पुढच्या व्यावसायिक शिक्षणाच्या खर्चाचं म्हणाल, तर २०२४-२५ पासून राज्यात वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्याला ते लागू नाही. पालकांना बोलवाल तेव्हा आईबरोबर वडिलांनाही बोलवा, आणि वही नको, तिने जोडलेलं विद्युतमंडल टेबलावर असू द्या.

हे सगळं कळूनही तिला इतिहासच वाचायचा असेल तर खुशाल आर्ट्‌सला जाऊ द्या. फॉर्मला अजून वर्षाहून जास्त अवकाश आहे. तोवर पुढच्या प्रयोगात जोडणीची पहिली पाळी तिची लावा.